शब्दचर्चा : शेअरचा भाव, किंमत की मूल्य?

माझे वडील कांदा पिकवतात. लासलगावचे बाजारभाव रोज बघतात. आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर हे रकाने त्यांना कुणी शिकवावे लागले नाहीत. मागच्या महिन्यात त्यांनी फोनवर एका शेअरचं पान मराठी भाषा निवडून उघडलं. तिथे 'शेवटची व्यापार किंमत', 'मागील बंद', 'खंड' असे शब्द होते. 'खंड' वाचून त्यांनी विचारलं, "हा खंड कुणी कुणाला द्यायचा?" आमच्याकडे जमीन खंडाने देतात, म्हणून त्यांचा प्रश्न बरोबरच होता. 'व्हॉल्यूम' म्हणजे दिवसभरात किती शेअरचे सौदे झाले तो आकडा, पण त्या शब्दाचा ग्रंथाच्या खंडाशी जोडलेला अर्थ तिथे आणून चिकटवला होता.

मला वाटतं, या पानासाठी लागणारी भाषा आपल्या बाजारात आधीपासून आहे. फक्त भाव, किंमत आणि मूल्य हे तीन शब्द एकमेकांत मिसळू नयेत.

भाव हा एका नगाचा, त्या क्षणाचा, घेणाऱ्या-विकणाऱ्यात ठरलेला. तो चढतो, उतरतो, वधारतो, कडाडतो, पडतो. किंमत म्हणजे माझ्या खिशातून गेलेली रक्कम : ९८० च्या भावाने १०० शेअर घेतले, त्यांची किंमत ९८,००० रुपये. मूल्य हिशेबाने काढतात किंवा ठरवून देतात. म्हणून पुस्तकी मूल्य, दर्शनी मूल्य. 'मूल्य कडाडलं' असं कुणी म्हणत नाही, यातच फरक दिसतो. तेव्हा 'शेवटची व्यापार किंमत' नको, 'शेवटच्या सौद्याचा भाव' हवं. याच न्यायाने मला 'बाजार भांडवल'ही खटकतं. भाव गुणिले एकूण शेअर असा तो आकडा आहे. भाव चढला म्हणून कंपनीच्या तिजोरीत रुपयाही येत नाही, मग भांडवल कसलं? 'बाजारमूल्य' म्हणावं.

सर्वांत जास्त फसवतं ते दर्शनी मूल्य. 'दर्शनी' हा शब्द हुंडीच्या, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीच्या, व्यवहारात जुना आहे : दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळत, मुदती हुंडीला थांबावं लागे. शेअरच्या दर्शनी मूल्याचं तसं नाही. ते कागदावर छापलेलं, आता नोंदीपुरतं उरलेलं मूल्य : १० रुपये, ५, २ किंवा १. त्या पैशात शेअर सहसा मिळत नाही. पण लाभांशाची टक्केवारी त्याच्यावरच मोजतात. '५० टक्के लाभांश' वाचून वडिलांना वाटलं, घातलेल्या पैशाच्या निम्मे परत मिळणार. दर्शनी मूल्य १० असेल तर ५० टक्के म्हणजे शेअरमागे ५ रुपये. भाव १००० असेल तर हातात आला अर्धा टक्का. बातमी देणाऱ्याने टक्के लिहूच नयेत, 'शेअरमागे ५ रुपये' लिहावं. यात कुणाची गैरसमजूत व्हायला जागा राहत नाही.

'खंड'च्या जागी 'आवक' घ्यावी असं मलाही आधी वाटलं होतं, पण ते चालणार नाही. कांद्याची गोणी लिलावात एकदा विकली की पुढे जाते. शेअर मात्र एकाच दिवसात चार हात बदलू शकतो, आणि दर वेळी आकड्यात मोजला जातो. म्हणून 'उलाढाल'च योग्य. वर्तमानपत्रं मात्र हा शब्द रुपयांसाठी वापरतात, त्यामुळे 'शेअर-उलाढाल' आणि 'रुपयांतली उलाढाल' असं सुटं सांगावं. त्यातले किती शेअर खरोखर घेणाऱ्याच्या खात्यात गेले, ते 'डिलिव्हरी'च्या टक्क्यांत कळतं. तो शब्द तसाच राहू द्यावा, सगळ्यांना कळतो.

उच्चांक, नीचांक उत्तम आहेत.

प्रतिसाद : हे पटलं. पण 'मागील बंद'ला काय म्हणायचं? आमच्या ऑफिसात सगळे 'कालचा भाव' म्हणतात.

उत्तर : सोमवारी 'कालचा' म्हटलं तर चुकतं, कारण तो शुक्रवारचा असतो. 'आदला बंद भाव' म्हणा. हा शब्द नीट कळायला हवा, कारण पानावरची हिरवी-लाल टक्केवारी सकाळच्या भावापासून मोजत नाहीत, या आकड्यापासून मोजतात. आदला बंद भाव ५००, सकाळी उघडला ५१०, आता ५०५ : दिवसभर उतरलेला शेअर हिरवाच दिसतो, एक टक्का वर. वडिलांना हेच कोडं पडलं होतं. आणखी एक : बंद भाव म्हणजे साडेतीनच्या ठोक्याला झालेल्या सौद्याचा भाव नव्हे. आपल्याकडे वर्षानुवर्षं तो तीन ते साडेतीनमधल्या सौद्यांची भारित सरासरी (जास्त शेअरच्या सौद्याला जास्त वजन देऊन) काढून ठरवत आले आहेत. त्यामुळे 'शेवटचा भाव' आणि 'बंद भाव' हे दोन शब्द वेगळेच ठेवावे लागतील. संध्याकाळी पानावर दोन्ही आकडे शेजारी असतात आणि बहुतेकदा थोड्या पैशांनी वेगळे असतात.