मसिरा बेट (ओमान): मे अखेरीस कासवं बघायला, घरच्यांसोबत

अजिंक्यतारा_11 (सातारा):
शाळा सुरू व्हायच्या आत, मे अखेरीस, ओमानला जातोय. चुलतभाऊ मस्कतला आहे, त्याची फोर बाय फोर गाडी घेऊन मसिरा बेटावर दोन रात्री काढायचा बेत आहे. सोबत 9 वर्षांची मुलगी आणि आई (67). कासव अंडी घालताना दिसेलच का? तंबू न्यावा का? वाळूत गाडी घालायची तर काय तयारी लागते?

घाटमाथा:
हंगाम बरोबर धरलाय. मसिरावर मे ते ऑगस्ट लॉगरहेड जातीची समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. या जातीची जगातली मोठ्यात मोठी वीण जिथे होते त्यांत हे बेट आहे, पण गेल्या काही दशकांत संख्या फार घसरलीय. 'ढिगाने दिसतील' असं कुणी सांगितलं तर निम्मंच धरा.

हिल्फ गावापासून पूर्वेकडचा, खुल्या समुद्राचा ईशान्य किनारा धरा. अंधार पडल्यावर भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत शांत बसायचं. वर जाणारा माग आहे पण परतीचा नाही, म्हणजे मादी अजून वरच आहे. तिथेच थांबा, मागावर चालत जाऊ नका. ती आधी अंग मावेल एवढा खळगा करते, मग मागच्या पायांनी अर्धा मीटरभर खोल खड्डा खणते. या वेळात कुणी हललं किंवा बॅटरी चमकली तर अंडी न घालताच परत फिरते. अंडी पडायला लागली (साधारण शंभर असतात) की मगच जवळ जायचं, तेही मागून आणि वाकून. डोक्यासमोर अजिबात नाही. उजेड मंद आणि लाल. मोबाईलच्या फ्लॅशवर चिकटपट्टी लावून ठेवा, पोरांच्या हातात तो कधी पेटेल सांगता येत नाही.

तंबूचं सोडून द्या. मे सरता सरता नैर्ऋत्येचा वारा सुटतो, खुंट्या वाळूत टिकत नाहीत आणि रात्रभर तोंडावर वाळूचा मारा. हिल्फमध्ये खोली घ्या. बेटावर हवाई दलाचा तळ आहे, त्या बाजूला कॅमेरा काढू नका.

एमएच10_वाटसरू (सांगली):
गाडीचं सांगतो. मस्कतहून शन्ना धक्का सुमारे 500 किमी, तिथून फेरीबोटीने दीड तासाच्या आसपास. सरकारी फेरीचं बुकिंग आधीच करा. खासगी बोटी भरल्या की सुटतात, त्यांच्या वेळेवर विसंबून परतीचं विमान धरू नका. पेट्रोल मुख्य भूमीवरच भरून घ्या.

वाळूत उतरण्याआधी टायरची हवा 33-35 वरून 16-18 पीएसआयवर आणा. 12 च्या खाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटतो. चाकं नुसती फिरायला लागली की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडा, नाहीतर गाडी बुडावर बसते. मग फावड्याने चाकांपुढची वाळू काढायची, हवा आणखी दोन पीएसआय कमी करायची आणि आलेल्या चाकोरीनेच मागे घ्यायची. हवा भरायचा कॉम्प्रेसर थेट गाडीच्या बॅटरीला लावणारा घ्या, लायटरच्या सॉकेटवरचा फ्यूज उडवतो. डांबरीला लागण्यापूर्वी हवा परत पूर्ण. कमी हवेवर 100 च्या वेगाने टायर तापून फुटतो.

सबखा म्हणजे खारट सपाट माळ, तिथे फोर बाय फोरचाही उपयोग नाही. कृष्णाकाठची मळी वरून वाळते आणि आत ओली राहते, तसलाच प्रकार. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीबाहेर जाऊ नका.

आणि मादी येते त्या किनाऱ्यावर गाडी न्यायचीच नाही, बाकीचे नेत असले तरी. घरट्यावरची वाळू दबते, आणि चाकोरी खोल पडली की पिल्लं त्यात अडकतात, समुद्रापर्यंत पोचत नाहीत. लांब लावा, दिवे बंद, पुढे पायी.

ओमानमध्ये उजवीकडून चालवतात. तुम्हीही चालवणार असाल तर साताऱ्याच्या आरटीओतून नमुना 4अ भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा (मुदत 1 वर्ष), आणि विमा तुम्हाला लागू आहे का ते भावाला विचारायला सांगा.

माणदेशी_ताई:
दादा, आईंना आणि लेकीला घेऊन अंधारात मसिराचा किनारा तुडवण्यापेक्षा वाटेत रास अल जिन्झला एक रात्र काढा. सूरजवळ आहे, मस्कत–सूर–अल अश्खरा असं किनाऱ्याने शन्नाला जाता येतं. तिथे हिरवी समुद्री कासवं वर्षभर येतात, मार्गदर्शक गटागटाने नेतो, रात्रीची आणि पहाटेची अशा दोन फेऱ्या असतात. पहाटेची घ्या, उजाडताना परत जाणारी मादी बॅटरीशिवाय दिसते. मसिराला मग बेट म्हणून जा, कासव दिसलं तर दिसलं.

फक्त पिल्लंच दाखवायची असतील तर एवढा खर्च कशाला? महाबळेश्वर–पोलादपूर–मंडणगड करून वेळासला जा, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात. मादी मात्र दिसेलच असं नाही.

अजिंक्यतारा_11:
रास अल जिन्झ पक्कं, पहाटेची फेरी. डब्यात काय चालेल?

माणदेशी_ताई:
भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या चालतील. घरचा कांदा-लसूण मसाला नेऊ नका, त्यात खसखस असते आणि आखातातल्या काही देशांत तिच्यावर बंदी आहे. आईंची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा.

घाटमाथा:
पाणी माणशी दिवसाला 4 लिटर धरा, आणि गाडीत 10 लिटर जादा.