साउथ जॉर्जियावरचं वन्यजीव चित्रीकरण काही हंगाम बंद ठेवावं का?

मीनल स.

माझं मत आधीच सांगते. साउथ जॉर्जिया बेटावर मालिका-माहितीपटांसाठी होणारं चित्रीकरण निदान पुढचे काही विणीचे हंगाम बंद ठेवावं. संशोधकांचे कॅमेरे चालू राहू द्यावेत, बाकीच्यांनी थांबावं.

बेट दक्षिण अटलांटिकमधलं, ब्रिटनच्या ताब्यातलं. विमानतळ नाही, कायमची वस्ती नाही. किंग एडवर्ड पॉइंटला प्रशासनाची आणि संशोधन केंद्राची मोजकी माणसं, बाकी किनारे पेंग्विन, सील आणि अल्बट्रॉसचे. एकट्या सेंट अँड्र्यूज बेमध्ये किंग पेंग्विनच्या दीड लाखाच्या आसपास जोड्या आहेत. कॅमेरा कुठेही रोखा, चौकट भरलेलीच. म्हणूनच सगळ्यांना तिथे जायचं असतं.

पण ऑक्टोबर २०२३ पासून परिस्थिती बदलली. शेजारच्या बर्ड आयलंड बेटावर स्कुआ या शिकारी समुद्रपक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला आणि पुढे तो सीलमध्ये शिरला. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संशोधकांनी २०२२ आणि २०२४ मधल्या हवाई छायाचित्रांची तुलना केली, तेव्हा तीन सर्वांत मोठ्या किनाऱ्यांवर विणाऱ्या एलिफंट सील माद्या ४७ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. दोन वर्षांत जवळपास निम्म्या! अशा किनाऱ्यावर आणखी एक जहाज, आणखी एक तंबू, आणखी काही बूट कशासाठी न्यायचे?

दुसरं कारण या जिवांच्या शरीरातच आहे. किंग पेंग्विन घरटं बांधत नाही. अंडं पायांवर घेऊन, वर पोटाच्या कातडीची घडी ओढून आईबाप आळीपाळीने जवळपास ५४ दिवस उभे राहतात. पक्षी दचकून दोन पावलं सरकला तरी अंडं उघडं पडू शकतं, आणि स्कुआ टपलेलाच असतो. पिसं बदलण्याच्या काळात तर तीन-चार आठवडे त्याला समुद्रातही जाता येत नाही. तुम्ही समोर उभे राहिलात तर तो जाणार कुठे? १९९० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वेरी बेटाच्या लुसिटानिया बेमध्ये सुमारे ७,००० किंग पेंग्विन एकमेकांवर रचले जाऊन गुदमरून मेले, त्यातली बहुतेक पिल्लं होती. खालून उडालेल्या एका विमानाला घाबरून ही चेंगराचेंगरी झाली असावी, असं तज्ज्ञांना वाटतं. म्हणजे त्या गर्दीतली भीती किती झपाट्याने पसरते बघा.

आणि हे सगळं कशासाठी? लाटांतून बाहेर पडणारे पेंग्विन, छाती आपटून झुंजणारे एलिफंट सीलचे नर, वाऱ्यावर स्थिर तरंगणारा अल्बट्रॉस. हे सगळं उत्तम प्रतीचं चित्रण भरपूर झालेलं आहे.

जुनी रीळ

पूर्ण असहमत. मीनलताई, तुम्ही दिलेला ४७ टक्क्यांचा आकडा मुळात कॅमेऱ्यामुळेच कळला ना? ड्रोनने घेतलेली छायाचित्रं होती ती.

तुम्ही म्हणाल की ते संशोधक होते. पण ही रेघ इतकी स्वच्छ कधीच नव्हती. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं जहाज १९१५ मध्ये बुडालं. त्या मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली १९१७ मध्ये मुद्दाम साउथ जॉर्जियाला परत गेला, कारण चित्रपटाला प्राण्यांची दृश्यं हवी होती. निव्वळ धंद्याचा हिशेब. तरी त्या काळच्या किनाऱ्यांची हलती चित्रं आज आपल्याकडे आहेत ती त्यामुळेच.

मॅक्वेरीचं नाव तुम्ही काढलंत, तर तिथलीच आधीची गोष्ट. जोसेफ हॅच नावाच्या व्यापाऱ्याची माणसं १८८९ पासून तीस वर्षं तिथे पेंग्विन कढईत उकळून तेल काढत होती. ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसन यांच्या मोहिमेने १९११ नंतर त्या बेटाची छायाचित्रं आणि फिती जगापुढे आणल्या. मॉसन यांनी या धंद्याविरुद्ध आवाज उठवला. हॅचचा परवाना पुढे वाढवला गेला नाही, आणि १९३३ मध्ये बेट अभयारण्य झालं. ज्या पेंग्विनला कुणी पाहिलेलंच नाही त्याच्यासाठी कोण भांडणार होतं?

शिवाय चित्रीकरणाची तुकडी म्हणजे किती माणसं? १९८२ च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याने याच बेटावरचं ग्रिटविकेन घेतलं, तेव्हा सिंडी बक्स्टन आणि अ‍ॅनी प्राइस या दोघी सेंट अँड्र्यूज बेमध्ये किंग पेंग्विनचं चित्रण करत होत्या. ३० एप्रिलला ब्रिटिश नौदलाच्या हेलिकॉप्टरने त्यांना बाहेर काढलं. दोन बायका, एक झोपडी, एक कॅमेरा. याउलट आज एका हंगामात दहा हजारांहून जास्त पर्यटक जहाजांनी येतात. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच उतरायचे असा नियम आहे, पण ते शंभर गेले की पुढचे शंभर येतात. बंदी घालायची तर तिथून सुरुवात करा.

मीनल स.

पर्यटकांवर मर्यादा हवीच, त्यात आपलं भांडण नाही. पण ते दहा हजार येतात कशाला? पडद्यावर पाहिलेली चौकट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला. मालिका गाजली की जहाजांच्या जाहिरातींत तोच किनारा झळकतो. तुकडी लहान असेल, पण तिच्या मागून येणारी गर्दी लहान नसते.

खारा वारा

मला बंदी नको, पण माझी तक्रार दोघांहून वेगळी आहे. चित्रण होतं ते अर्धवट होतं.

साउथ जॉर्जियाच्या बहुतेक दृश्यांत हिमनद्या आणि पेंग्विन असतात आणि निवेदक सांगतो की माणसाचा स्पर्श न झालेलं जग पाहा. हे खोटं आहे. कार्ल अँटन लार्सनने १९०४ मध्ये ग्रिटविकेनचं देवमाशांचं केंद्र उभारलं. १९६५ पर्यंत या बेटावर सुमारे १,७५,००० देवमासे कापले गेले. गंजलेल्या टाक्या, चरबी वितळवण्याची भांडी, काठावर पडलेली शिकारी जहाजं आजही तिथेच आहेत, आणि त्यांच्यामध्ये सील झोपतात. फर सीलची तर कातड्यांसाठी इतकी कत्तल झाली होती की ते संपल्यातच जमा होते. आज किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही इतके आहेत. हा बदल दाखवायचा तर आधीचं रक्त दाखवावं लागेल.

उंदरांचंही तेच. सील आणि देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या जहाजांतून ते आले आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन त्यांनी किनारेच्या किनारे ओस पाडले. साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्टने २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं. मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर साउथ जॉर्जिया पिपिट, म्हणजे आपल्या तिरचिमणीच्या कुळातला इवलासा पक्षी, जो जगात फक्त याच बेटांवर आहे, त्याचं गाणं मुख्य बेटावर पुन्हा ऐकू येऊ लागलं. मुठीएवढ्या पक्ष्यासाठी माणसांनी अशा समुद्रात हेलिकॉप्टरं नेली, याहून मोठं नाट्य कुठल्या सीलच्या झुंजीत आहे?

परवाना देणाऱ्या प्रशासनाने माणसाने केलेलं नुकसान आणि दुरुस्ती दोन्ही दाखवण्याची अट घालावी. २०२० च्या पाहणीत या पाण्यात ५५ निळे देवमासे दिसले. शिकारीच्या काळानंतर किती वर्षं तो दिसणंच दुर्मीळ झालं होतं! हे ज्या चित्रपटात नाही तो मला अपुरा वाटतो.

जुनी रीळ

शंभर टक्के सहमत. पण हे दाखवायला कुणीतरी तिथे जायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

गौरी_पशुवैद्यक

बर्ड फ्लूबद्दल थोडं सांगते, कारण मूळ लेखात त्याचा आधार जरा जास्त ओढलाय.

एक, हा विषाणू तिथे माणसांनी नेल्याचा पुरावा नाही. जनुकीय तपासणीत तो दक्षिण अमेरिकेतल्या साथीशी जुळला, आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर आल्याची शक्यता सर्वांत जास्त मानली जाते. २०२४ मध्ये तोच विषाणू हजारो किलोमीटर पूर्वेला, हिंदी महासागरातल्या क्रोझे आणि केर्गेलेन बेटांवर पोचला. स्कुआला परवाना लागत नाही. दोन, ४७ टक्के माद्या मेल्या असा त्या आकड्याचा अर्थ नाही. तेवढ्या कमी माद्या किनाऱ्यावर मोजल्या गेल्या. काही मेल्या असतील, काहींनी ते वर्ष चुकवलं असेल. पुढचे हंगाम मोजल्याशिवाय ते कळणार नाही.

मात्र एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर बुटाच्या तळव्याला विष्ठा चिकटून जाते, तो धोका खरा आहे. तिथे पर्यटक फार तर काही तास उतरतो आणि त्याला प्राण्यांपासून किमान पाच मीटर लांब राहावं लागतं. चित्रीकरणवाल्याला गुडघ्यावर बसायचं असतं, पोटावर पडायचं असतं. तिपाई, दोऱ्या, पिशव्या, गाद्या, हे सगळं चिखलात टेकतं. वेल्क्रोच्या पट्टीत अडकलेलं एक बीसुद्धा परकं गवत रुजवायला पुरतं. म्हणून मी सरसकट बंदीच्या बाजूची नाही, पण एका तुकडीने एका हंगामात एकच किनारा धरावा, या मताची आहे.

मीनल स.

विषाणू पक्ष्यांनी आणला हे मान्यच आहे, मी माणसांना दोष दिलेला नाही. माझा मुद्दा आजारातून उठणाऱ्या वसाहतीचा आहे. जिथे पिल्लं आधीच कमी उरली, तिथे एकेक दचकणं महाग पडतं. आणि गौरीताई, तुमचा "पुढचे हंगाम मोजल्याशिवाय कळणार नाही" हा मुद्दा तर माझ्याच बाजूने जातो. मोजणी होईपर्यंत थांबूया.

तिपाई

मी पक्ष्यांची छायाचित्रं काढतो, म्हणून थोडं तंत्राबद्दल. "पक्षी शांत बसला होता, म्हणजे त्याला त्रास नव्हता" हे वाक्य आमच्यात फार ऐकू येतं. क्रोझेच्या पझेशन बेटावर फ्रेंच संशोधकांनी किंग पेंग्विनच्या हृदयाचे ठोके मोजले आहेत. जागेवरून न हललेल्या पक्ष्याचेही ठोके माणूस जवळ येताना वाढतात. बाहेरून पाहून ते कळणं अशक्य.

त्याच बेटावर त्यांनी पुढे चाकांवरची छोटी दूरनियंत्रित गाडी वसाहतीत पाठवून पाहिली, २०१४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. माणसापेक्षा गाडीमुळे ठोके कमी वाढले आणि लवकर पूर्ववत झाले. म्हणजे वाद "चित्रण हवं की नको" यापेक्षा कॅमेऱ्यामागे माणूस किती जवळ उभा आहे, याचा आहे. हंगामाच्या सुरुवातीला कॅमेरे लावून ठेवायचे आणि माणसांनी दूर राहायचं, हे आज शक्य आहे. त्यात हवी ती चौकट मिळत नाही, वादळात लेन्सवर मीठ बसतं, अर्धे दिवस धुकं असतं. पण मग तेवढंच मिळेल. प्रत्येक पिसाचं जवळून दर्शन हा कुणाचा हक्क नाही.

जुनी रीळ

तिपाईभाऊ, वसाहतीच्या कडेला लावलेला कॅमेरा मोजणी करतो, गोष्ट सांगत नाही. गोष्टीसाठी कुणीतरी तिथे दिवसभर बसून, कुठला पक्षी परत आला आणि कुठला आला नाही, हे ओळखावं लागतं.

गोष्टीची ताकद पाहायची तर दक्षिण अटलांटिकमधलंच गॉफ बेट घ्या. तिथले उंदीर घरट्यात बसलेल्या अल्बट्रॉसच्या पिल्लांना जिवंतपणी कुरतडतात. पिल्लू उंदराच्या शेकडो पट जड, तरी त्याला प्रतिकार कसा करायचा ठाऊकच नाही. हे रात्रीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पकडलं गेलं, तेव्हा कुठे जग हललं. २०२१ मध्ये तिथे उंदरांविरुद्ध मोहीम झाली. ती फसली, उंदीर उरले, पण ती झाली. आता दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटासाठी तशीच तयारी आणि निधी गोळा करणं चालू आहे.

मीनल स.

गॉफवरचे ते कॅमेरे संशोधकांनीच लावले होते. घरट्याशेजारी, माणूस जवळ न थांबता. मी पहिल्या परिच्छेदात जे चालू ठेवा म्हटलं, ते नेमकं हेच.

खारा वारा

आणि ते दृश्य लोकांपर्यंत नेलं वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी. संशोधकाच्या कपाटात ते राहिलं असतं तर मॅरियनसाठी कुणी पैसे दिले नसते. मीनलताई, संशोधकांनी चित्रण करावं आणि वाहिन्यांनी ते विकत घेऊन त्या पैशातून मोजणीचा खर्च भागवावा, असं असेल तर मी तुमच्या बाजूला येतो. पण मग किंमत आणि चित्रणाच्या कापाकापीचे अधिकार आधी ठरवावे लागतील, नाहीतर गंजलेल्या टाक्या पुन्हा चौकटीबाहेरच राहतील.