गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत परदेश प्रवास: विमा मिळतो का?

सातवा_मजला

धाकट्या बहिणीचं लग्न परदेशात आहे. तारीख ठरली तेव्हा मी गरोदर नव्हते, आता आहे. जाताना एकतिसावा आठवडा चालू असेल, परत येताना तेहतिसावा संपत आलेला असेल. पहिलंच बाळ, एकच आहे, सगळे रिपोर्ट नीट. फक्त साखरेची चाचणी काठावर आली म्हणून खाण्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय, औषध काही नाही. डॉक्टर म्हणतात जा, पण कागद नीट ठेव. विमान कंपनीही ३६ आठवड्यांपर्यंत नेते म्हणाली, डॉक्टरांचं पत्र हवं.

घोडं अडलंय विम्यापाशी. तुलना करणाऱ्या साइटवर वय आणि तारखा टाकल्या की ढिगाने पॉलिसी येतात, पण 'गरोदर आहात का' असं कुणी विचारतच नाही. घेताना विचारायचं नाही आणि मग पॉलिसीच्या कागदात 'जनरल एक्सक्लूजन्स'च्या, म्हणजे ज्यांचे पैसे मिळत नाहीत त्या गोष्टींच्या यादीखाली, पॅराशूटने उड्या मारणं आणि दारू पिऊन गाडी चालवणं यांच्या मधोमध, 'गर्भारपण, बाळंतपण आणि त्यातून उद्भवणारं काहीही' अशी ओळ घालून ठेवायची! मी कुठल्या पंगतीत बसलेय ते बघून हसू आलं आणि रागही.

एका कंपनीच्या चॅटवर विचारलं. उत्तर आलं, 'काळजी करू नका मॅडम, मेडिकल इमर्जन्सी कव्हर आहे.' अवेळी कळा सुरू झाल्या तर ती इमर्जन्सी धरता का? 'मेडिकल इमर्जन्सी कव्हर आहे मॅडम.' बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर? पुन्हा तेच. चॅट बंद केलं.

नवरा म्हणतो कुठलीही एक घेऊन टाक, काही होत नाही. आई म्हणते जाऊच नकोस. जाऊ का नको हा प्रश्न इथे विचारत नाहीये, ते डॉक्टरांशी बोलून झालंय. मला एवढंच हवंय की या दिवसांत खरोखर उपयोगी पडणारा विमा असतो का, आणि तो ओळखायचा कसा?

खिडकीजवळची_सीट

क्रेडिट कार्डावर तिकीट काढलं की फुकट विमा येतो. मी कायम तोच वापरतो, वेगळा कधी घेतला नाही. बघा तुमच्या कार्डावर आहे का.

दावे_आणि_कागद

वरच्या सल्ल्यावर जाऊ नका. कार्डावरचा विमा म्हणजे बँकेने घेतलेली गट पॉलिसी असते, आणि तिच्यात गर्भारपणाची तीच ओळ बहुधा जशीच्या तशी असते. बॅग हरवली तर ठीक आहे.

मी बरीच वर्षं प्रवास विम्याच्या क्लेम विभागात होतो. आता नाही, त्यामुळे कुणाचं नाव घेणार नाही, कुणाची भलामणही करणार नाही. ताई, कुठली कंपनी चांगली हा प्रश्न बाजूला ठेवा. संरक्षण कितव्या आठवड्यात संपतं आणि बाळ जन्मल्यावर त्याचा खर्च कुणाच्या नावावर पडतो, एवढं विचारा. बाकी सगळं त्यामागून येतं.

पॉलिसी ढोबळमानाने तीन जातींच्या असतात. पहिल्या सरसकट वगळणाऱ्या. त्यांतल्या काही 'गर्भनलिकेतील गर्भधारणा सोडून' असं औदार्य दाखवतात, पण ती भानगड पहिल्या तिमाहीतली, एकतिसाव्या आठवड्यात तिचा काय उपयोग? दुसऱ्या, ठरावीक आठवड्यापर्यंत फक्त गुंतागुंतीचा खर्च देणाऱ्या. तिसऱ्या, अगदी थोड्या, ज्यांत आठवड्यांची मर्यादाही पुढची असते आणि अवेळी जन्मलेल्या बाळाचा दवाखानाही धरलेला असतो. नॉर्मल बाळंतपणाचा खर्च मात्र प्रवास विमा सहसा देत नाही. विमा अनपेक्षित गोष्टीचा असतो, आणि नऊ महिने भरल्यावर बाळ होणं कंपनीच्या लेखी अनपेक्षित नसतं.

आता आठवडे. इथे माणसं हमखास फसतात. तुम्ही 'एकतिसावा चालू' म्हणता, म्हणजे पूर्ण झाले ३०. 'तेहतिसावा संपत आला' म्हणजे ३२ पूर्ण आणि वर काही दिवस. कंपनी पूर्ण झालेले आठवडे मोजते, किंवा उलट बाजूने 'अपेक्षित तारखेच्या आधीचे ८ आठवडे' किंवा '१२ आठवडे' असं लिहिते. चाळिसातून वजा करा: १२ असेल तर संरक्षण २८ आठवड्यांना संपतं, म्हणजे तुम्ही विमानात बसण्याआधीच. ८ असेल तर ३२ला संपतं, म्हणजे परतीच्या आधीचे काही दिवस उघडे पडतात. विमान कंपनीची ३६ची मर्यादा आणि विम्याची मर्यादा यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. विमानात घेतलं म्हणजे विमा चालू आहे, असं समजून बसू नका. मर्यादा ओलांडली तरी पॉलिसी रद्द होत नाही, पाय मोडला तर पैसे मिळतील, फक्त गर्भारपणाचं संरक्षण बंद होतं. तारीख कुठली धरायची? तुमच्या फाइलवर डॉक्टरांनी लिहिलेली. सुरुवातीच्या सोनोग्राफीनंतर ती बदलली असेल तर बदललेली.

'गुंतागुंत' म्हणजे काय याची यादी पॉलिसीत असते. गर्भारपणात रक्तदाब वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सिया, बाळाला पोसणारी वार (प्लॅसेंटा) आधीच सुटणं, वार खाली असणं, मोठा रक्तस्राव, ही नावं बहुतेक सापडतील. तुम्ही शोधायचं ते 'अकाली प्रसूती'. ती यादीत नसेल तर काय होतं बघा. कळा लवकर आल्या, बाळंतपण सुखरूप झालं, आईला काहीच झालं नाही. क्लेम तपासणारा म्हणतो, ही तर नॉर्मल डिलिव्हरी. आणि बाळ? ते विमाधारकच नाही, पॉलिसीवर त्याचं नाव नाही. असे कागद माझ्या टेबलावरून गेलेत. आईचं दोन दिवसांचं बिल लहानसं, त्याच्यामागे बाळाच्या अतिदक्षता विभागाचं बिल पानंच्या पानं, आणि त्या पानांवर 'लागू नाही'चा शिक्का.

साखरेचं लपवू नका. काठावरची असली तरी लिहून कळवा. ते प्रीमियम वाढवतील, किंवा साखरेशी संबंधित खर्च वगळतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. न सांगता गेलात आणि तिकडच्या केसपेपरवर 'आधीपासून पथ्य चालू' असं नुसतं लिहिलं गेलं, तरी नकाराला तेवढं निमित्त पुरतं.

चॅटवर काही विचारू नका, ईमेल करा. असा:

'मला विमा घ्यायचा आहे. प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक. प्रवास अमुक ते अमुक, परतीच्या दिवशी पूर्ण आठवडे इतके. एकच गर्भ. साखरेची चाचणी सीमारेषेवर, औषध नाही. कृपया लेखी कळवा: (१) परतीच्या दिवसापर्यंत गर्भारपणातील गुंतागुंतीचा खर्च मिळेल का, (२) अकाली प्रसूती त्यात येते का, (३) बाळाच्या उपचाराचा खर्च मिळेल का, मिळत असल्यास कमाल किती, (४) डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली तर मुक्काम आणि सोबतच्या माणसाचं तिकीट मिळेल का. पॉलिसीतील कलमाचा क्रमांक द्यावा.'

कलमाचा क्रमांक मागितला की उत्तर लिहिणारा कागद उघडून बघतो. उत्तर आलं की छापून जवळ ठेवा.

रात्रपाळी

मी प्रसूती विभागात नर्स आहे. विम्यातलं मला कळत नाही, पण बाळाबद्दल दादा म्हणतात ते खरं आहे. ३३ आठवड्यांचं बाळ चांगल्या दवाखान्यात बहुतेक वेळा छान वाढतं, घाबरू नका. पण लगेच घरी जात नाही. श्वासाला मदत लागू शकते, आणि चोखणं, गिळणं, श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला वेळ लागतो, तोवर नळीने दूध. अंगाची ऊब टिकली पाहिजे, वजन वाढलं पाहिजे. यात आठवडे जातात. म्हणून 'कमाल किती' हा प्रश्न सोडू नका, आणि जिथे जाताय तिथे बाळांचा अतिदक्षता विभाग असलेला दवाखाना कुठला ते आधीच बघून ठेवा. पुष्कळ मोठ्या दवाखान्यांत परदेशी रुग्णांसाठी वेगळी खिडकी असते, ईमेल केला तर रोख भरणाऱ्यांसाठीचा अंदाज देतात. तो आकडा आणि पॉलिसीची मर्यादा शेजारी ठेवून बघा.

दुसरं, प्रवासयोग्यतेचं पत्र. २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या मागतात, आणि ते ताजं लागतं. प्रवासाच्या किती दिवस आधीचं चालेल हे प्रत्येकीचं वेगळं. जातानाचं मिळतं, पण परतीच्या दिवशी तेच पत्र शिळं झालेलं असतं! तिकडे कुठल्या डॉक्टरकडून घेणार ते निघण्याआधी ठरवा. रक्तगट, सगळ्या सोनोग्राफी आणि तपासण्यांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

विमानात कडेची सीट, पट्टा पोटाखालून, आणि चार तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल तर पायात दाबाचे मोजे घालायचे का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. या दिवसांत पायात गुठळी व्हायचा धोका मुळातच जास्त असतो.

दुहेरी_झोळी

अगं, मी जुळ्यांच्या वेळी गेले होते म्हणून सांगते, कुणी वाचत असेल तर: जुळं असलं की विमान कंपन्यांची मर्यादा ३२वर येते, आणि कित्येक पॉलिसी जुळ्यांना किंवा आयव्हीएफच्या गर्भधारणेला वेगळे नियम लावतात, काही तर दारातच अडवतात. तुझं एकच आहे, तू त्यातून सुटलीस.

व्हिसासाठी घेतलेल्या विम्यावर विसंबू नकोस. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं म्हणून लोक सगळ्यात स्वस्त पॉलिसी जोडतात. व्हिसा मिळतो, पण गर्भारपण त्यात असेलच असं नाही. अमेरिकेला जाणार असशील तर आणखी एक, जानेवारी २०२० पासून त्यांचा नियम आहे की बाळाला तिथलं नागरिकत्व मिळावं हा मुख्य हेतू दिसला तर पर्यटक व्हिसा देत नाहीत. लग्नाची पत्रिका, परतीचं तिकीट, डॉक्टरांचं पत्र एकाच फोल्डरमध्ये ठेव आणि पोट झाकायच्या भानगडीत पडू नकोस.

आणि हे कुणी सांगत नाही: बाळ तिकडे झालंच तर परतायला त्याला स्वतःचा पासपोर्ट किंवा प्रवासाचा कागद लागतो. जन्मदाखला, मग वकिलात, मग वाट बघणं. पहिले काही दिवस तर विमान कंपन्या बाळाला नेतही नाहीत. त्या मुक्कामाचा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

खिडकीजवळची_सीट

माझ्या कार्डाचा कागद आज पहिल्यांदा उघडून वाचला. आहे ती ओळ.

सातवा_मजला

ईमेल जसाच्या तसा बऱ्याच ठिकाणी पाठवला. काहींनी उत्तरच दिलं नाही, काहींनी माहितीपत्रकाची लिंक चिकटवली. कलमाच्या क्रमांकासकट उत्तर देणाऱ्या दोन निघाल्या. एकीचं संरक्षण २८ आठवड्यांना संपतं, तिला राम राम. दुसरीचं अपेक्षित तारखेच्या ८ आठवडे आधी संपतं. अकाली प्रसूती यादीत आहे, साखर कळवून थोडा जास्त प्रीमियम लागला. बाळाचा खर्च धरतात, पण मर्यादा आईच्या मानाने फारच कमी.

मग नवऱ्याला समोर बसवून कॅलेंडर उघडलं. परत येईपर्यंत ३२ पूर्ण होऊन वर सहा दिवस होत होते. परतीचं तिकीट आठवडाभर अलीकडे आणलं. लग्न पहिल्याच आठवड्यात आहे, ते चुकत नाही. पुढची भटकंती रद्द, बहीण जरा रुसलीये. दवाखान्याचा अंदाजही मागवला. बाळाच्या मर्यादेच्या वर जे जाऊ शकतं तेवढी रक्कम नवरा वेगळी काढून ठेवतोय. 'काही होत नाही' म्हणणं त्याने तो आकडा बघितल्यावर बंद केलं.

आई अजून नाहीच म्हणतेय, ते चालायचंच. एक विचारायचं राहिलं: तिकडे गेल्यावर काही झालं तर आधी दवाखाना की आधी कंपनीला फोन?

दावे_आणि_कागद

आधी दवाखाना, अर्थातच. फोन सोबतच्या माणसाने करायचा, दाखल झाल्या झाल्या. पॉलिसीवर २४ तासांचा मदत क्रमांक असतो, तो नवऱ्याच्या आणि बहिणीच्या मोबाइलमध्ये आजच घाला. कळवायला उशीर झाला की कॅशलेस अडकतं आणि सगळं बिल आधी खिशातून भरावं लागतं.

परतीची तारीख बदलली ना? मग पॉलिसीवरही नवी तारीख घालून घ्या आणि सुधारलेला कागद मागवा. तुमच्या ईमेलमध्ये जुनी तारीख होती, त्यांचं उत्तर तिला धरून आहे. नव्या तारखेचं पुन्हा एका ओळीत लिहून घ्या.