बिलातले ते दहा रुपये

कुलकर्णी बी-304: नमस्कार. सोसायटीच्या बिलात परत 'शिक्षण व प्रशिक्षण निधी 10 रु.' कोणाचं शिक्षण? कधी झालं? मागेही विचारलं होतं.

साळवी सेक्रेटरी: कुलकर्णीसाहेब, आदर्श उपविधीतच, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतच आहे. दर सदनिका दरमहा 10. कमिटीच्या खिशात जात नाहीत.

कुलकर्णी बी-304: खिशाचं मी बोललोच नाही. तुम्हीच काढलंत.

पाटील सी-602: टेरेसचं लीकेज कधी?

देशपांडे बाई ए-102: सभासदांना प्रशिक्षण द्यायचं हे सहकार कायद्यातच आहे, कलम 24अ. पण शाळा-कॉलेजात शिकले असते सगळे तर ही वेळ आली नसती. अकरावी-बारावी कॉमर्सला 'सहकार' विषय आहे. घेतं कोण?

शिंदे सी-501: आमच्या सईने घेतलाय. इंग्लंडमधलं रॉशडेलचं सहकारी दुकान 1844, 28 सभासद, प्रवरेचा सहकारी साखर कारखाना, सगळं तोंडपाठ. सोसायटीचा ताळेबंद दिला वाचायला, तर म्हणे हे परीक्षेला नाही 😄

गोखले बी-101: 2025 मध्ये गुजरातेत आणंदच्या इर्मा या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. केवढी मोठी गोष्ट!

कुलकर्णी बी-304: आणंद कशाला, सहकाराचं प्रशिक्षण देणारी वैकुंठ मेहता संस्था आपल्याच पुण्यात गणेशखिंडीत आहे, 1967 पासून. समोरच्या सिग्नलला रोज अडकता, आत कधी गेलात?

गोखले बी-101: तुम्ही गेलात वाटतं.

पाटील सी-602: लीकेज??

देशपांडे बाई ए-102: विद्यापीठं व्हावीतच, पण तिथून मॅनेजर निघतात. सभासद लहानपणीच घडतो. आमच्या शाळेत मुलांचं भांडार होतं. वह्या, पेनं, दोन रुपयांचा शेअर, मुलांचंच संचालक मंडळ. लाभांश चार आणे मिळाला तरी पाचवीतलं पोर सभेत उभं राहून विचारायचं, खोडरबर महाग का घेतले? आपल्या एजीएमला कोरमसुद्धा होत नाही.

शहा ए-401 व 402: मी दोन फ्लॅटचा मेंटेनन्स भरतो, मत एकच. मग यायचं कशाला?

शिंदे सी-501: एक सभासद, एक मत. सईच्या पुस्तकात आहे, पाठवू का पान?

शहा ए-401 व 402: पान नको. पार्किंग द्या.

साळवी सेक्रेटरी: कृपया विषयांतर नको 🙏 सोसायट्यांच्या फेडरेशनकडून शिकवायला माणूस बोलावतो. रविवारी 11 ला क्लब हाऊस. मुलांनाही आणा.

कुलकर्णी बी-304: आधी त्या निधीचा हिशेब टाका, मग माणूस.

पाटील सी-602: टेरेसचं लीकेज कधी? तिसऱ्यांदा विचारतोय.

देशपांडे बाई ए-102: पाटील, विषयपत्रिकेत घ्यायला लेखी द्यावं लागतं. दिलंत?

पाटील सी-602: कोणाकडे द्यायचं?