‘मेराज’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार : मेराज म्हणजे पैगंबर मुहम्मद यांचा एका रात्रीतला आकाशप्रवास. त्याच्या आध्यात्मिक अर्थावरील एका उर्दू व्याख्यानाचे मराठी भाषांतर मी कोल्हापुरातील एका स्मरणिकेसाठी करीत आहे. मूळ मजकुरात ‘मेराज’ हा शब्द जागोजागी येतो आणि मी तो तसाच ठेवला होता. संपादकांनी तो सर्वत्र बदलून ‘स्वर्गारोहण’ असा केला. मुद्रितशोधनाच्या वेळी राजारामपुरीतील एक जाणकार काका पहिल्याच परिच्छेदापाशी अडले आणि म्हणाले, ‘स्वर्गारोहण झाले असे आपण कोणाविषयी म्हणतो, ते आधी सांगा.’ संपादकांचे म्हणणे असे की, आकाशात चढून जाणे म्हणजे आरोहण, मग मराठी वाचकाला परका शब्द कशासाठी द्यायचा? मला नेमका आणि मूळ अर्थाला धक्का न लावणारा शब्द हवा आहे. कृपया सुचवावा.

शाहूपुरी : काकांचा आक्षेप रास्त आहे. ‘स्वर्गारोहण’ म्हटले की पांडवांचा अखेरचा प्रवास आठवतो. महाभारताच्या शेवटच्या पर्वाचे नावच ते आहे. ख्रिस्ती मराठीत येशूच्या संदर्भात हा शब्द रूढ आहे आणि तेथे तो शोभतो, कारण तेथेही पृथ्वीवरचे वास्तव्य संपते. मेराजच्या रात्री काहीही संपत नाही. पैगंबर गेले आणि त्याच रात्री मक्केत परतले. हिजरत (मदिनेकडील स्थलांतर), मदिना आणि पुढचा सगळा कार्यकाल त्यानंतरचा आहे. स्वर्गवास, कैलासवास, वैकुंठगमन ही आपली शब्दसंपदा जाण्याची आहे, तिच्यात येणे नाही. मी ‘ऊर्ध्वगमन’ सुचवतो. तो शब्द निदान शोकाचा नाही.

अरबीचा विद्यार्थी : शब्द ठरवण्याआधी प्रवास दोन आहेत हे ध्यानात घ्यावे. मक्केच्या मस्जिद-ए-हराममधून जेरुसलेमच्या मस्जिद-ए-अक्सापर्यंतचा प्रवास म्हणजे ‘इस्रा’, आणि तेथून सात आकाशे ओलांडून जाणे म्हणजे ‘मेराज’. कुराणाच्या सतराव्या सूरेच्या (अध्यायाच्या) पहिल्याच आयतीत (वचनात) इस्राचा उल्लेख आहे. आकाशांचा तपशील मुख्यतः हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींतून, येतो. पहिल्या आकाशात आदम भेटतात, दुसऱ्यात ईसा आणि यह्या, मग क्रमाने यूसुफ, इद्रीस, हारून, मूसा आणि सातव्यात इब्राहीम. त्रेपन्नाव्या सूरेत ‘सिद्रतुल मुंतहा’, म्हणजे सीमेवरचे बोरीचे झाड, येते. आपल्या माळावरच्या बोरीच्याच जातकुळीतले ते झाड आहे, हे मराठी भाषांतरात आवर्जून राखावे असे मला वाटते. नाही तर लोक तेथे उगीच कल्पवृक्ष लावतात.

आता शब्दाकडे येतो. ‘अरज’ म्हणजे चढणे, आणि ‘मिअराज’ हे त्यावरून झालेले साधनवाचक नाम आहे. ‘फतह’ म्हणजे उघडणे, जिंकणे. त्यावरून ‘मिफ्ताह’ म्हणजे किल्ली. आपली ‘फत्ते’ त्याच घरची. त्याच न्यायाने मिअराज म्हणजे ज्याने चढायचे ते, अर्थात शिडी. मराठीत याला तयार शब्द आहे : सोपान. ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाचे नाव ज्या भाषेत घरोघरी ठाऊक आहे, तिला हा शब्द जड का जावा?

दखनी बोलणारी : दादा, ‘सोपान’ सुंदर आहे, परंतु तो वाचून कोणालाही ती रात्र आठवणार नाही. आमच्या घरी दखनी बोलतात, शाळा मराठीत झाली, आणि दोन्ही भाषांत ‘मेराजची रात’ असेच म्हटले जाते. रजब महिन्याच्या सत्ताविसाव्या रात्री आजी आम्हा मुलांना जवळ बसवून पैगंबरांच्या त्या रात्रीच्या वाहनाची, बुराकाची, गोष्ट सांगत असे. गाढवापेक्षा मोठा, खेचरापेक्षा लहान, पांढरा, आणि नजर पोहोचेल तेथे ज्याचे पाऊल पडते असा. शेजारच्या काकूही ऐकायला येत आणि त्याही ‘मेराज’च म्हणत. नमाज, रोजा, दर्गा, उरूस हे शब्द कोल्हापुरात कोणाला परके वाटत नाहीत. ज्या शब्दाला बोलणारे लोक आहेत, त्याच्या जागी कोशातला शब्द बसवणे म्हणजे त्या लोकांना बाजूला सारणे होय, असे मला मनापासून वाटते.

शाहूपुरी : ताई, बाजूला सारण्याचा हेतू कोणाचाच नाही. ज्या वाचकाला हा शब्द ठाऊकच नाही, त्याला अर्थ पोहोचावा एवढीच इच्छा आहे. शाहू महाराजांच्या काळात, 1906 साली, या शहरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले आणि कुराणाच्या मराठी भाषांतराला महाराजांनी उत्तेजन दिले, ते मराठी जाणणाऱ्याला मराठीतून कळावे म्हणूनच. केवळ लिपी बदलली म्हणजे भाषांतर झाले, असे होत नाही.

मिरजकर : आमच्या गावाचे नावच मेराजवरून आले आहे, असे वडीलधाऱ्यांकडून लहानपणापासून ऐकत आलो आहे. येथे मोठा दर्गा आहे, सूफींच्या वास्तव्याचा इतिहास आहे. तेव्हा मेराजचे मराठी रूप शेकडो वर्षांपूर्वीच ‘मिरज’ असे होऊन गेले, असे का म्हणू नये?

पंचगंगाकाठ : ही व्युत्पत्ती कितीही गोड असली तरी टिकणारी नाही. शिलाहारांच्या लेखांत या प्रदेशाचे नाव ‘मिरिंज’ असे येते, आणि शिलाहार राजवट बहामनी सत्तेच्या, म्हणजे 1347 च्या, कितीतरी आधी संपलेली होती. गाव आधीचे, नाव आधीचे. ध्वनीचे साम्य नंतर लोकांच्या ध्यानात आले.

मिरजकर : शिलालेखातले नाव मान्य आहे. तथापि जुन्या नावात नवा अर्थ ऐकू येणे हीदेखील भाषेतलीच घटना असते. दर्ग्यात येणारा माणूस ‘मिरिंज’ मनात ठेवून येत नाही.

पंचगंगाकाठ : अर्थ ऐकू येणे वेगळे आणि शब्द त्यातून जन्मणे वेगळे. ही सीमारेषा पुसली, तर शब्दचर्चेला काही आधारच उरत नाही.

गुजरीतला वाचक : मिरजेवरून मूळ विषयाकडे यावे अशी विनंती आहे, कारण प्रश्न आध्यात्मिक अर्थाचा होता. माझ्या मते या घटनेचा गाभा चढण्यात नाही, परतण्यात आहे. सतराव्या सूरेच्या त्या आयतीत, जेथे सन्मानाची पराकाष्ठा आहे, तेथे पैगंबरांसाठी ‘अब्द’ हा शब्द योजला आहे, म्हणजे दास, बंदा. इतक्या जवळ नेले, तरी नाव सेवकाचेच राहिले. सूफींनी याच शब्दापाशी फार मनन केले आहे : मनुष्य जितका वर जातो तितके त्याचे दास्य निखळ होते, नाहीसे होत नाही. त्रेपन्नाव्या सूरेतही दोन धनुष्यांइतके किंवा त्याहून कमी अंतर उरले असे म्हटले आहे. अंतर मिटले असे म्हटलेले नाही.

परतताना हाती काय आले, तर नमाज. आधी पन्नास वेळांची आज्ञा झाली. मूसांनी ‘तुमच्या लोकांना हे झेपणार नाही’ असे पुनःपुन्हा सांगितल्यावर ती पाचांवर आली आणि पुण्य मात्र पन्नासांचेच राहिले. एकट्याला लाभलेले सान्निध्य सर्वांच्या दिनक्रमात वाटून दिले गेले. ‘नमाज ही मोमिनाची (श्रद्धावानाची) मेराज’ हे सूफींमध्ये प्रसिद्ध असलेले वचन यातूनच उमगते. गंगोहचे सूफी अब्दुल कुद्दूस म्हणाले होते की, पैगंबर त्या स्थानी पोहोचून परत आले. मी पोहोचलो असतो तर शपथेवर सांगतो, कधीच परतलो नसतो. कवी इक्बालांनी हे वचन उद्धृत करून संत आणि पैगंबर यांच्यातला भेद दाखवला आहे.

आपल्याकडे तुकोबांचे सदेह वैकुंठगमन अनेकांच्या श्रद्धेचा विषय आहे, आणि तेथे देहासह जाण्याला महत्त्व आहे. येथे देहासह परत येण्याला आहे. म्हणून ‘आरोहण’, ‘ऊर्ध्वगमन’, ‘सोपान’ हे तिन्ही शब्द मला अर्धेच वाटतात. ज्यात अवरोहणही सामावेल असा शब्द मराठीत असेल तर तो चालेल, नाही तर मेराजच ठेवावा.

अरबीचा विद्यार्थी : शिडीवरून मनुष्य उतरतोही, त्यामुळे ‘सोपान’ अर्धा ठरत नाही. शिवाय ‘देहासह’ हे आपण गृहीत धरू नये. बहुसंख्य विद्वान प्रवास देहासह जागेपणी झाला असे मानतात, परंतु तो आत्म्याचा प्रवास होता असे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे मत जुन्या चरित्रग्रंथात नोंदलेले आहे. व्याख्यात्याची भूमिका कोणती, यावर भाषांतरातला शब्द अवलंबून राहील.

दखनी बोलणारी : त्या रात्रीआधीचे दिवसही विसरू नयेत. पैगंबरांच्या पत्नी खदीजाबीबी गेल्या, पाठीशी उभे राहणारे चुलते अबू तालिब गेले, ताइफच्या लोकांनी दगड मारून हाकलले. परंपरेत त्या वर्षाला ‘दुःखाचे वर्ष’ म्हणतात. आजी गोष्ट तेथून सुरू करीत असे, बुराकापासून नव्हे. जमिनीवरची सगळी दारे बंद झाली तेव्हा वरचे दार उघडले, असा तिचा अर्थ होता, आणि तो मला कोणत्याही कोशातल्या अर्थापेक्षा खरा वाटतो.

भाषांतरकार : सर्वांचे आभार. व्याख्याते देहासह प्रवास मानतात आणि परतण्यावर त्यांचे दोन परिच्छेद आहेत, त्यामुळे ‘स्वर्गारोहण’ मी निश्चितपणे काढत आहे. मात्र संपादक शीर्षकात मराठी शब्दाचाच आग्रह धरून आहेत. ‘मेराज : आरोहण आणि पुनरागमन’ असे चालेल का?

शाहूपुरी : ‘पुनरागमन’ला गणपती विसर्जनाचा संस्कार आहे; ‘पुनरागमनाय च’ प्रत्येकाच्या कानात असते. ‘प्रत्यागमन’ पाहावे.

दखनी बोलणारी : ‘प्रत्यागमन’ कोणत्या गल्लीत बोलतात?

पंचगंगाकाठ : शिवाय मेराज, मिअराज आणि मिराज यांपैकी लेखन कोणते करायचे, तेही ठरलेले नाही. ‘मिराज’ लिहिल्यास वाचकाला लढाऊ विमान आठवेल. मूळ अरबीतला ‘ऐन’ (कंठातून उच्चारायचे अक्षर) दाखवायचा असेल तर ‘मिअराज’ हवे.

अरबीचा विद्यार्थी : मराठीत ‘ऐन’ कोठेच दाखवत नाहीत, ‘जुम्मा’ आणि ‘जमात’ आपण तसेच लिहितो. उर्दू उच्चाराप्रमाणे ‘मेराज’ योग्य.

मिरजकर : ‘मिरिंज’चा उल्लेख नेमका कोणत्या ताम्रपटात आहे, ते कोणी सांगेल काय?