ब्राऊन एल तुरट आणि पाणचट होतेय, मऊपणा कुठून आणायचा? (मदत हवी आहे)

रंकाळा_कट्टा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीच्या २० लिटरच्या चाचणी संचावर ब्राऊन एल (तपकिरी रंगाची इंग्लिश बिअर) बसवायची आहे. परवान्याचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर धागा तिकडेच वळेल: महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, स्वतःपुरती असली तरी. संच मात्र परदेशात लोक घरी वापरतात तसलाच आहे. स्टीलचं मोठं पातेलं, खाली जाळी बसवलेला कूलबॉक्स, प्लास्टिकचा फर्मेंटर (आंबवायचं भांडं).

पाहिजे काय, तर घशाखाली अलगद उतरणारी, बिस्किटासारख्या चवीची बिअर. मिळतेय ती तुरट, मागे करपट कडूपणा, आणि तोंडात पाणचट. वर थोडा नेलपॉलिशसारखा वास.

माल: पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्ली) ३.५ किलो, चॉकलेट माल्ट (तोच, पण गडद भाजलेला) ३५० ग्रॅम, भाजलेलं बार्ली १०० ग्रॅम. मऊपणासाठी उकळताना ६०० ग्रॅम कोल्हापुरी गूळ. माल्ट पिठाच्या गिरणीत भरडून आणलेला.

मॅश (भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवणं) ६७ अंश, ६० मिनिटं. मग धान्य धुवायचं पाणी ८० अंश, रस फिका येईपर्यंत धुतलं आणि जास्तीचं आटवलं. यीस्ट सॅफेल एस-०४, खोलीचं तापमान २८-२९. पाणी नळाचं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखरेचा अंदाज देते) १.०५२, शेवटची १.००७.

थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो, म्हणून मॅश आणि धुवायच्या पाण्याच्या अंशांत २ मिळवून लिहिलंय.

माल्टभरडा

भावा, गूळ काढ आधी!

गुळाने गोडी येते हा समज लाडवात खरा, फर्मेंटरमध्ये नाही. गुळात बहुतांश सुक्रोज, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज. यीस्ट हे सगळं साफ खाऊन टाकतं. मागे उरतो अल्कोहोल आणि गुळातल्या क्षारांची किंचित खारट चव. तुझ्या १.०५२ मधले साधारण १० पॉइंट (०.०१०) एकट्या गुळाचे आहेत, म्हणजे पाचवा हिस्सा. त्या हिश्शाने अंग (तोंडात लागणारं भरलेपण) काहीच दिलं नाही, उलट बिअर कोरडी (गोडी न उरलेली) केली. १.०५२ वरून १.००७ म्हणजे जवळपास ५.९ टक्के अल्कोहोल, पिंडात मात्र काही नाही. पाणचट लागणारच. काकवी घातली तरी हेच होईल, ते सुचवायला कुणीतरी येईलच म्हणून आत्ताच सांगतो.

दुसरं, ४५० ग्रॅम काळा माल म्हणजे एकूण धान्याच्या ११ टक्क्यांवर. ब्राऊन एलमध्ये चॉकलेट माल्ट ३ टक्क्यांच्या आसपास पुरतो. तुझा रंग काढला तर २९ एसआरएमच्या (रंगाचं माप, आकडा जास्त तितकी गडद) घरात जातो, ब्राऊन एल १२ ते २२ मध्ये असते. तू स्टाउट (काळी, भाजक्या चवीची बिअर) केलीस, तीही अंग नसलेली. भाजलेलं बार्ली पूर्ण काढ. त्याची कोरडी, कॉफीसारखी धार स्टाउटमध्ये शोभते, इथे नाही.

क्रिस्टल माल्ट का नाही घातला? अंग आणि टॉफीची चव तिथून येते. त्यातली बरीचशी साखर यीस्टला पचत नाही, म्हणून ती ग्लासापर्यंत टिकते.

अंशमापक

थर्मामीटरकडे कुणी पाहिलं नाही वाटतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ९८ दाखवणारा थर्मामीटर बरोबर आहे! २ मिळवून तुम्ही चांगलं यंत्र बिघडवलंत.

म्हणजे तुमचा ६७ चा मॅश प्रत्यक्षात ६५ ला झालाय. ६५ ला बीटा अमायलेज जोरात असतं, स्टार्चचे तुकडे करून माल्टोज बनवतं आणि यीस्ट ते संपवतं. ६७-६८ ला हे एन्झाइम लवकर थकतं, अल्फा अमायलेज काम चालू ठेवतं आणि न पचणारे डेक्स्ट्रिन जास्त उरतात. तोंडात जे भरलेपण लागतं त्यात त्यांचा मोठा वाटा. २ अंश म्हटलं तर काहीच नाहीत, पण इथे तेवढ्याने शेवटची ग्रॅव्हिटी सहज २-३ पॉइंट हलते.

खात्री करायची तर दुसऱ्या टोकाला तपासा. भांडंभर बर्फाचा चुरा, तो भिजेल इतकंच पाणी, दोन मिनिटं ढवळून थर्मामीटर मधोमध धरा. शून्य दाखवला पाहिजे. बर्फाला उंचीचा फरक पडत नाही.

रंकाळा_कट्टा

हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच बर्फात तपासतो. पण मग धुवायचं पाणीही ७८ च होतं. तरी तुरटपणा का?

अंशमापक

७८ ही काठावरची गोष्ट, ७६ च्या आत ठेवा. पण तुमच्या तुरटपणाची खरी कारणं दोन आहेत.

एक, गिरणी. पिठाची गिरणी दाणा घासते, त्यात टरफलाचाही चुरा होतो. टरफल अख्खं राहून दाणा फुटायला हवा. त्याला दोन रोलरची माल्ट मिल लागते, फट १.१ ते १.२ मिमी. भरड मुठीत घेऊन बघा: टरफलं होडीसारखी रिकामी आणि सलग दिसली पाहिजेत, आतला भाग ३-४ तुकड्यांत. गिरणीच्या भरडीत नुसतं पीठ आणि भुस्सा दिसेल. टरफलाचा चुरा झाला की त्यातले टॅनिन (तुरटपणा देणारी द्रव्यं) सहज सुटतात, शिवाय जाळी तुंबते.

दोन, "फिका येईपर्यंत धुतलं". रस पातळ होत जातो तशी त्याची आम्लता कमी होते, पीएच ६ कडे सरकतो आणि टरफलातून टॅनिन निघायला लागतात. गरम पाण्यापेक्षा हे जास्त नडतं. वाहत्या रसाची ग्रॅव्हिटी १.०१० वर आली की थांबायचं. मोजताना नमुना थंड करून मोजा, गरम रसात हायड्रोमीटर कमी दाखवतो. उरलेली साखर सोडून द्या, म्हशी आहेत की खायला. (चोथा त्याच दिवशी द्या, कोल्हापूरच्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतो.)

मॅशचा पीएच ५.३ ते ५.५ हवा, थंड नमुन्यावर मोजलेला. धुवायच्या पाण्याचा ५.८ च्या खाली, त्यासाठी लॅक्टिक अ‍ॅसिड थेंबाथेंबाने. पट्ट्यांवर विसंबू नका, मीटर घ्या.

पंचगंगेचं_पाणी

पाण्याबद्दल. नळाचं पाणी पंचगंगेचं असो की काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं, त्यात क्लोरीन असतोच. माल्टमधल्या फिनॉलशी त्याचं जमलं की औषधी, बँड-एडसारखी चव येते. ३० लिटरला पाव ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकून ढवळा, काही मिनिटांत काम होतं. बोअरचं पाणी असेल तर क्षारता जास्त निघू शकते, आधी चाचणी करा.

सगळ्यात सोपं म्हणजे आरओचं पाणी ३० लिटर घ्या, त्यात कॅल्शियम क्लोराइड ४ ग्रॅम आणि जिप्सम १ ग्रॅम. क्लोराइड साधारण ६५ पीपीएम, सल्फेट २० च्या आत राहतं. क्लोराइडने चव गोलसर लागते, सल्फेटने कडवटपणाला धार येते. मऊ बिअरला पहिलं जास्त हवं. नुसतं आरओ वापरू नका, मॅशला कॅल्शियम लागतं.

थंडकपाट

नेलपॉलिशचा वास खोलीच्या तापमानाचा आहे. खोली २८ म्हणजे फर्मेंटरच्या आत ३१-३२, कारण आंबताना उष्णता तयार होते. एस-०४ ला १८ ते २० आवडतं. त्याच्या बरंच वर गेलं की एस्टर आणि जड अल्कोहोल बनतात, आणि ते बनतात मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत. नंतर थंड करून काही उपयोग नाही.

उत्तम उपाय: जुना फ्रिज आणि बाहेरून लावायचा टेंपरेचर कंट्रोलर. सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा बांधा, म्हणजे तो हवेचं नाही, बिअरचं तापमान वाचेल.

फ्रिज नसेल तर मोठ्या टबात फर्मेंटर ठेवून बिअरच्या पातळीपर्यंत पाणी भरा आणि गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. ओला टॉवेल आणि पंखा मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बरा चालतो. जुलैच्या पावसात हवाच इतकी दमट की टॉवेल वाळत नाही, तेव्हा तो नाद सोडा.

रंकाळा_कट्टा

सगळ्यांचे आभार. आता पूर्ण कृती कुणी मांडेल का?

माल्टभरडा

आधी एक ठरव. उत्तर इंग्लंडची ब्राऊन थोडी कोरडी, बदाम-अक्रोडासारख्या चवीची, १९२७ साली आलेली न्यूकॅसल ब्राऊन त्या वळणाची. दक्षिणेकडची गोड, काळपट आणि सौम्य. खालची उत्तरेकडची आहे, फक्त जरा भरलेली.

२० लिटरला: पेल माल्ट ३.८ किलो (मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचा मिळाला तर सोनं), मध्यम क्रिस्टल ६० लोविबाँडचा (माल्टच्या रंगाचं माप) ३०० ग्रॅम, अंबर माल्ट २०० ग्रॅम, चॉकलेट १२० ग्रॅम. धान्यातली ७० टक्के साखर रसात उतरली तर १.०४६ मिळेल.

चॉकलेट वेगळा ठेव. बाकीचं १३ लिटर पाण्यात, पाणी ७३ अंश, म्हणजे धान्य २८ ला असलं तर मॅश साडेसदुसष्टवर स्थिरावतो. ४५ मिनिटांनी चॉकलेट वर पसरून हलकं मिसळ, अजून १५ मिनिटं. रंग पूर्ण येतो, करपटपणा बराच कमी. मग १६-१७ लिटर पाण्याने धू, पातेल्यात २५ लिटर यायला हवं. कमी आलं तर साधं पाणी घाल, चोथा पिळू नकोस.

एक तास उकळी. सुरुवातीला ईस्ट केंट गोल्डिंग्ज होप (कडवटपणा देणारी फुलं) ४० ग्रॅम (अल्फा, म्हणजे त्यातली कडू आम्लं, ५ टक्के धरून), शेवटच्या १० मिनिटांना १० ग्रॅम. कडवटपणा २५ आयबीयूच्या आसपास. तुझ्या होपच्या पाकिटावर अल्फा वेगळा असेल तर वजन त्या प्रमाणात बदल, हे लोक विसरतात.

१८ ला आणून पूर्ण ११.५ ग्रॅम यीस्ट. चार दिवस १९, मग २१ पर्यंत चढू दे, म्हणजे लोण्यासारखा डायॅसिटिलचा वास यीस्ट स्वतःच साफ करतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने ग्रॅव्हिटी सारखी आली की झालं, १.०११ ते १.०१३. अल्कोहोल साडेचारच्या जवळ.

बाटलीत भरताना १८ लिटरला ८० ग्रॅम साधी साखर, उकळून गार केलेली. गॅस मुद्दाम कमी. जास्त फेसाने जीभ टोचते आणि मऊपणा हरवतो. इथेही गूळ नको, ढेपेगणिक ओलावा बदलतो, त्यामुळे वजनावरून गॅसचा हिशोब लागत नाही. भरताना नळी बाटलीच्या तळाशी टेकव, खळखळ झाली की महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव. नंतर तीन आठवडे थांब.

रंकाळा_कट्टा

आधीची १८ लिटर केगमध्ये (बिअरच्या पिंपात) पडून आहे. वाचेल का?

थंडकपाट

अर्धी. तुरटपणा कमी होईल: केग २ अंशांवर आणून जिलेटिन ४ ग्रॅम, १२० मिली पाण्यात ६५-७० अंशांना विरघळवून (उकळू नका), आणि चार-पाच दिवस थांबा. टॅनिन धरून ते तळाशी बसतं, पहिले एक-दोन ग्लास टाकून द्या. जिलेटिन प्राणिज असतं, शाकाहारी माणसांना देणार असाल तर पीव्हीपीपी (टॅनिन धरणारी कृत्रिम पावडर) वापरा, लिटरला पाव ग्रॅम, पण ते गाळून काढावं लागतं.

नेलपॉलिशचा वास मात्र जाणार नाही. तो बसतही नाही आणि मुरतही नाही. जिलेटिननंतरही नाकाला जाणवला तर केग रिकामा करा, कॉस्टिकने धुवा आणि नवीन बॅचला द्या.