एट्रुस्कन दगडी प्राणी बघायचेत, रोमहून कुठे कुठे जाऊ?

करडाकातळ: नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात रोमला जातोय, दिवस मोजकेच आहेत. मी स्वतः दगडात काम करतो, त्यामुळे थडग्यांच्या राखणीला बसवलेले एट्रुस्कन (रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेले लोक) सिंह आणि स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं) जवळून बघायची फार इच्छा आहे. ब्राँझ नको, दगडच हवा. गाडी चालवणार नाही. कुठून सुरुवात करू?

मुशाफिर: आधी रोममधलंच व्हिला जुलिया हे एट्रुस्कन संग्रहालय. सोमवारी बंद असतं, तेवढं सांभाळा. तिथला वुल्ची या एट्रुस्कन शहरातला सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा (इ.स.पू. ५९०च्या आसपासचा), बघितल्याशिवाय निघू नका. समोरून अख्खा माणूस, पायसुद्धा माणसाचेच. बाजूला गेलात की कळतं, घोड्याचा मागचा भाग पाठीला जोडलाय! तिथेच सागरी घोड्यावर बसलेला तरुणही आहे.

ओवी_पुणे: +१. दोन्ही नेनफ्रोतले. हा करडा ज्वालामुखी दगड वुल्ची-तारक्विनियाकडे भरपूर मिळायचा. तुम्ही कारागीर आहात म्हणून सांगते, वुल्चीच्या सिंहांचे जबडे निरखून बघा. त्या लोकांना जिवंत सिंह कुठला दिसायला! पूर्वेकडून आलेल्या हस्तिदंती आणि धातूच्या वस्तू, ग्रीसमधल्या कोरिंथची रंगीत भांडी, यांवरच्या चित्रांवरून घडवलेत. तरी काय दरारा आहे!

करडाकातळ: मग खुद्द वुल्चीलाच जाऊ का?

मुशाफिर: गाडीशिवाय अवघड आहे. मोंताल्तो दि कास्त्रो स्टेशनपासून अवशेष बरेच लांब पडतात.

ओवी_पुणे: मी तर म्हणेन टॅक्सी ठरवा, पण जा. ६० मीटरहून जास्त व्यासाचा कुकुमेल्ला हा थडग्यावरचा मातीचा ढिगारा बघितला की हे प्राणी केवढ्या थडग्यांसाठी घडवले ते समजतं. १९व्या शतकात तिथूनच सिंह आणि स्फिंक्स निघाले.

दूरचा_भाऊ: टॅक्सीचा खर्च नको असेल तर किउसी. रोम-फ्लोरेन्स मार्गावरच स्टेशन आहे, संग्रहालय वर गावात. तिथले स्फिंक्स वेगळ्या दगडातले, पिएत्रा फेतिदा. छिन्नी लागली की गंधकाचा वास सुटतो म्हणतात.

करडाकातळ: हे भारीच! व्हिला जुलिया आणि किउसी नक्की. अजून एखादा दिवस काढता येईल.

ओवी_पुणे: मग तारक्विनिया, रोमहून थेट ट्रेन आहे. थडग्यांच्या भिंतींवरच्या चित्रांसाठी सगळे जातात, पण तुम्ही पालाझ्झो वितेल्लेस्कीतलं संग्रहालय आधी करा. तिथे नेनफ्रोचे पायऱ्यापायऱ्यांचे फलक आहेत, चौकटीचौकटीत प्राणी कोरलेले. उठाव अगदी कमी आहे, त्यामुळे तिरक्या उजेडात बघा.